कुवाबारा सेन्सेईंचा सत्कार

अमेरिकेत सान होजेच्या हॉटेलात दुपारच्या जेवणाबरोबर कुवाबारा सेन्सेईंचा, म्हणजे गुरुजींचा, सत्कार होता; पन्नास वर्षं त्यांनी इथल्या पोरांना जपानी ताइको ढोल शिकवला होता. त्यांची शिष्या हानाए आत आली आणि तिला शिसारीच आली. सेन्सेईंनी वाइनचं जुनं पिंप तासून, कातडं ताणून केलेला बुद्धमंदिरातला ढोल मंचापाशी शोभेला ठेवला होता, आणि त्यावर उष्टे ग्लास नि कोळंबीच्या चोखलेल्या शेपट्या.

"स्टॅन, अरे, नमस्कार केल्याशिवाय आपण याला काठीसुद्धा लावत नाही!"

"टेबलं कमी पडली गं. कापड घातलंय की वर," ताइको मंडळाचा अध्यक्ष स्टॅन ओगाता हसला. "तेवढ्यानं बाटतोय का तो?"

ब्याऐंशी वर्षांचे सेन्सेई मागेच उभे होते. त्यांनी एकेक ग्लास उचलून जमिनीवर ठेवला, शेपट्यांसकट कापड काढलं, कोटाच्या बाहीनं कातडं पुसलं आणि ढोलापुढे कमरेत वाकून पुटपुटले, "चुकलो."

मग म्हणाले, "हानाए, धर त्या बाजूनं. मंदिरात नेऊ."

"अहो सेन्सेई, मानपत्र द्यायचं राहिलंय!" स्टॅन म्हणाला.

"तुलाच राहू दे. ग्लास ठेवायला होईल."

आणखी दोन शिष्यांनी हात लावला. जेवणाऱ्यांच्या मधून ढोल दाराकडे निघाला, तशी माणसं घास टाकून उभी राहिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. स्टॅननं लगबगीनं माईक हातात घेतला.

"बरं का मंडळी, ही आमची फार जुनी प्रथा आहे!"