ग्रेसनची रीत

"पडदा ओढून घ्या, मिस नोवाक. ते बघून दुपारच्या पोरांचा उगाच गोंधळ व्हायचा," केस्लर सर म्हणाले आणि जेवायला गेले.

ब्रिजेट नोवाकने फळ्यावरचा प्रोजेक्टरचा पडदा खाली ओढला. त्यामागे कोपऱ्यात लिहिलं होतं, 'ग्रेसनची रीत. पुसू नये.' सकाळच्या हुशार तुकडीला सरांनी पंचवीसचे छत्तीस टक्के विचारले होते. ग्रेसनने गणितच उलटं केलं. छत्तीसचे पंचवीस टक्के, म्हणजे पाव, म्हणजे नऊ. सर इतके खूश झाले की बस! नवी वाट काढणाऱ्याचं नाव फळ्यावर ठेवायची त्यांची पद्धतच होती. शिकवावं तर असं, ब्रिजेटला वाटलं. ती अजून शिकाऊ, आणि तिला पास करायचं की नाही ते सर शुक्रवारी ठरवणार होते. अख्खी मधली सुट्टी तिने दार लावून त्याच खोलीत काढली, सँडविच खात.

दुपारी तेच सर, पण जणू दुसराच माणूस. नियम पडद्यावर दाखवायचा, पोरांनी मुकाट उतरवून घ्यायचा. का, असं एकाने विचारलं, तर का ते नंतर, आधी पाठ कर, म्हणाले. मागे बसलेली ब्रिजेट नुसती चडफडत होती. बोलायची सोय नव्हती.

पन्नासचे अठरा टक्के किती, हे गणित आलं. नोएमीने हात वर केला. मला सकाळच्या तुकडीत घ्याल का, असं तिने सोमवारीच सरांना विचारलं होतं. काहीतरी करून दाखव, मग बघू, असं उत्तर मिळालं होतं.

"नऊ," नोएमी म्हणाली. "उलटं केलं, सर. अठराचे पन्नास टक्के. निम्मे."

ब्रिजेट खुर्चीतून अर्धी उठलीच. आता सर पडदा वर करतील, तिचंही नाव लिहितील.

सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग नोएमीकडे.

"सुट्टीत डोकावून गेलीस वाटतं?"

"कुठे, सर?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस." सर मागे वळले. "मिस नोवाक, सुट्टीत कुणी आत आलं होतं?"

सगळा वर्ग वळून बघायला लागला. नोएमी तर हसतच होती. तिला कसली काळजी, साक्षीदार समोर होता.

नाही, कुणीच नाही, एवढंच तर सांगायचं होतं. ब्रिजेटला शुक्रवार आठवला.

"मी... माझं लक्ष नव्हतं, सर."

"बघ," सर नोएमीला म्हणाले. "बस खाली. नियमाने कर."

नोएमीने खोडरबर घेतला. बराच वेळ ती खोडत राहिली.

घंटा झाली, पोरं पांगली. ब्रिजेटने तिला दाराशी गाठलं. मी सरांशी बोलेन, अगदी नक्की बोलेन, ती हळूच म्हणाली. फक्त शुक्रवार जाऊ दे.

नोएमीने दप्तर खांद्यावर चढवलं.

"ते राहू दे, मिस. त्या पडद्यामागे आहे काय, तेवढं तरी सांगा."