आपोआप
दूरच्या शहरातली लेक रविवारीच फोन करायची, तोही बापाकडून त्याच्या संगणकातला अँटिव्हायरस अपडेट करून घ्यायला. आज म्हणाली, “बाबा, ‘आपोआप अपडेट’ असा चौकोन असेल. त्यात क्लिक करा, दर आठवड्याची कटकट मिटेल.” चौकोन ढळढळीत समोर होता. “दिसत नाही गं, ठमे.” “जन्मभर भिंगातून घड्याळांचे केसाएवढे स्क्रू वेचलेत आणि चौकोन दिसत नाही? थांबा, इथूनच करते.” पडद्यावरचा बाण आपणहून चालू लागला. लेकच तो तिकडून हलवत होती. घड्याळजीने हळूच माउस मागे ओढला. बाण चौकोनाजवळ जायचा, थरथरायचा, परत फिरायचा. “बाबा, तुमचा हात आहे का माउसवर? काढा बघू.” त्याने हात काढला. चौकोनात खूण उमटली. “सुटलो दोघंही!” म्हणत तिने फोन ठेवला. बाण तिने सोडला तिथेच होता. म्हाताऱ्याने संध्याकाळपर्यंत माउसला हात लावला नाही.