लाल पट्ट्यांच्या चपला

लंडनला लेक दीक्षाकडे निघालेल्या चंपाबाईला महाराजपूरच्या बुद्धविहारातल्या बायांनी एकच काम सांगितलं होतं, "बाबासाहेब राहिले त्या घरापुढं उभी राहून फोटो काढून आण." परत आल्यावर तिनं ऐटीत मोबाइल पुढे केला. बाया एकमेकींच्या खांद्यावरून वाकल्या. फोटोत घर होतं, दार उघडं होतं. चंपाबाई मात्र कुठंच नव्हती. शेजारची नीलिमा हसली. "काकू, तुम्ही तर दिसूनच नाही राहिल्या! असा फोटो तर कोणीबी मोबाइलवर पाठवते." चंपाबाईनं फोटो बोटांनी मोठा केला. पायरीवर लाल पट्ट्यांच्या चपला जोडीनं ठेवलेल्या होत्या. नीलिमा थबकली. "अच्छा! ह्या तर आपण बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून घेतल्या होत्या!" "मंग!" चंपाबाईनं पदर सावरला. "दीक्षा म्हणे, आई, बाहेर उभी राहा. बाबासाहेबांच्या घरी काहून बाहेर उभी राहू? फोटो निघाला, तोवर मी अंदर होती."