उघडत नाही

दोन वाजून दहा मिनिटांनी काकांनी ऑफिसच्या ग्रुपवर लिंक टाकली आणि खुर्चीतून उठले. लगेच बसले. पुन्हा उठले.

सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणे. सव्वीस वर्षं एकाच जुन्या भाषेत प्रोग्रॅम लिहून त्यांचे केस पिकले होते, आणि आता ती भाषाच मोडीत निघाली होती. चार वाजता मॅडमना सांगायचं होतं: नव्या भाषेतल्या कामावर येणार, की लवकर निवृत्तीच्या कागदावर सही करणार. कागद खणात होता. काकांनी मनाशी ठरवलं होतं, नव्या भाषेत केलेलं हे पहिलं वेबपान चाललं तर राहायचं, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

पान म्हणाल तर साधंच. पाण्याच्या यंत्रावर नवा जार चढवायची आज कोणाची पाळी, एवढंच त्यात दिसणार. नाव लिहायचं, बटण दाबायचं, यादीत चढायचं. पण त्यासाठी काकांनी नऊ दिवस जिवाचं रान केलं होतं. जुन्या भाषेत प्रत्येक वाक्याशेवटी पूर्णविराम लागे. नव्या भाषेत तो दिला की सगळं आडवं पडे. सव्वीस वर्षांची बोटं ती, थोडीच ऐकतात! रोज पन्नास पूर्णविराम द्यायचे आणि रोज पन्नास खोडायचे.

ग्रुपवर टाळ्या पडू लागल्या. ‘काका, एक नंबर!’ ‘या वयात! मानलं बुवा.’ बंड्या तर काकांच्याच हाताखाली शिकलेला, आता एका नव्या टीमचा प्रमुख. त्याने ‘गुरू तो गुरूच’ असं लिहून फुलं पाठवली. शेवटी मॅडमचंही आलं: ‘छान झालंय. रंग तेवढा थोडा गडद हवा.’

काकांना आभाळ ठेंगणं झालं. निवृत्तीचा कागद त्यांनी खणात पार तळाशी सारला.

मग आपलंच पान पुन्हा पुन्हा उघडून बघत बसले. यादीत एकच नाव, त्यांचं स्वतःचं. अडीच वाजले. पावणेतीन वाजले. अरे, मग कोणी नाव का चढवत नाही? एक पाय आपोआप हलत होता. दोनदा जाऊन पाणी पिऊन आले. तहान कसली, उगाच.

तीन वाजता दुसऱ्या एका टीमच्या प्रमुख मुलीचा निरोप आला. काकांची नोकरी जेवढी, तेवढं या पोरीचं वय. ऑफिसात तिला मास्तरीणबाई म्हणत, कारण कोणाच्याही कामावर तिची लाल रेघ ठरलेली. तिने दोनच शब्द लिहिले होते: ‘उघडत नाही.’

झालं! आली खोड काढायला. काका तडक तिच्या टेबलापाशी गेले.

“सगळ्यांचं उघडतंय, तुझंच कसं उघडत नाही गं?”

“पाच वेळा केलं मी, काका. फोनवरूनही केलं. तुम्हीच बघा ना.”

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. कोरी जागा आणि मधोमध एक ओळ: हे पान सापडत नाही. काकांनी वरचा पत्ता वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली.

तो पत्ता फक्त त्यांच्या स्वतःच्या संगणकावर चालणारा होता. ‘इथेच, घरातल्या घरात’ एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या कोणी तो टाकला, तर त्याचं यंत्र आपल्याच पोटात शोधणार आणि हात हलवत परत येणार. पान बाहेर ठेवायचं काम काकांनी केलंच नव्हतं. ते त्यांच्याशिवाय एकाही माणसाला दिसलेलं नव्हतं.

“पहिल्यांदा सगळे हीच चूक करतात,” मास्तरीणबाई म्हणाली. “मीही केली होती. अर्ध्या तासाचं काम आहे, करून टाका. पण काका, मग हे बाकीचे...” तिने ग्रुपकडे बोट दाखवलं.

काकांनी एकेक टाळी मोजली. बारा. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. निघालेल्या माणसाला कोण नावं ठेवतं? त्याला चांगलंच म्हणायचं नि दार लावून घ्यायचं.

चार वाजता ते मॅडमच्या खोलीत गेले तेव्हा तो कागद त्यांच्या हातात होता. मॅडमनी तो पाहिला.

“काका, घाई नाही हं. राहायचं असेल तर बंड्या तुम्हाला सांभाळून घेईल. पान मस्तच झालंय तुमचं. रंगाचं तेवढं बघा.”

“कोणता रंग दिसला, मॅडम?”

मॅडम जरा अडखळल्या. “तो... निळा.”

पानाला रंगच नव्हता. रंग द्यायला काका अजून शिकले नव्हते.

त्यांनी कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि खिशात घातली.

“मी राहतो, मॅडम. पण बंड्याकडे नको. जिला ते उघडलं नाही, तिच्या हाताखाली टाका मला.”