तुलनेचा पाडा

"म्हणजे दुसऱ्या पाड्याला वर्षभर फिल्टर द्यायचा नाही. असंच ना?" समितीतल्या सारिका मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम. तुलनेसाठी," हेमलता म्हणाली.

पडद्यावर साक्रीच्या पश्चिमेकडचे दोन पाडे होते. दोन्हीकडच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. ते पिऊन पोरांचे दात तपकिरी होतात, पुढे हाडं वाकतात. वरच्या पाड्यातल्या घरांना लगेच फिल्टर मिळणार होते. खालचा पाडा मात्र वर्षभर तेच पाणी पिणार होता. हेमलता त्याच पाड्यात लहानाची मोठी झाली होती. वर्षाअखेर दोन्हीकडची मुलं तपासायची, फरक मांडायचा, मग खालच्यांनाही फिल्टर द्यायचे. पीएच.डी.चा हा आराखडा जळगावच्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीने आज नाकारला, तर तिची शिष्यवृत्ती जाणार होती.

तिचे मार्गदर्शक चुडामण सर शेजारी रुमालाची घडी घालत बसले होते. आराखडा त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला होता. आकडेमोड तपासली होती. शुद्धलेखनसुद्धा.

"आणि खालचे लोक तयार झाले?"

"झाले. एक घर सोडून सगळे." तिने संमतिपत्रांचा गठ्ठा पुढे सरकवला.

मॅडमनी तो चाळला. अंगठेच अंगठे. "इतक्या लवकर?"

हेमलता पहिल्यांदाच हसली. "आमच्या पाड्यात तेरसिंगआबांचा शब्द चालतो. त्यांनी मला फार बोलूही दिलं नाही. सगळ्यांना म्हणाले, 'आपलीच पोर शे. बठ्ठा लावा अंगठा. उद्या डाक्टर व्हई, मंग आपले फुकट देखी.' मी म्हटलं, आबा, मी तसली डॉक्टर नाही होणार. तर म्हणे, 'मंग ढोरेसले तरी देखशी ना?' म्हणजे माणसांची नाही, तर गुरांची तरी!"

सगळे हसले. चुडामण सरांनाही हायसं वाटलं.

"होऊन जाऊ द्या, मॅडम," अध्यक्ष भूपेंद्र सर म्हणाले. "गावाचा पोरीवर विश्वास आहे. आणखी काय पाहिजे? चहा गार होतोय." त्यांनी सही करायला पेन उघडलं.

सारिका मॅडम अजून गठ्ठ्याकडेच बघत होत्या.

"ते एक घर कोणाचं?"

"आमचंच," हेमलता खाली बघत म्हणाली. "आई नाही म्हणाली."

"घ्या! गाव तयार आणि घरचीच आडवी," भूपेंद्र सर म्हणाले.

"का नाही म्हणाल्या?" मॅडमनी विचारलं.

हेमलताने चुडामण सरांकडे पाहिलं. सर पुन्हा रुमालाची घडी घालू लागले. येतील ते सगळे प्रश्न त्यांनी तिच्याकडून घोकून घेतले होते. हा त्यांना सुचलाच नव्हता.

 मग हात लांब करून हेमलताने तो गठ्ठा मॅडमच्या पुढ्यातून हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

"आईला," ती म्हणाली, "मी सगळं नीट समजावून सांगितलं होतं."