डाव्या बाहीचा पट्टा

"तो काळा पट्टा काढून टाक ना, स्नेहल," उल्हास म्हणाला. "बाकी सगळं झकास जमलंय. क्रीम शर्ट, कडांना मरून पाइपिंग, छातीवर फेल्टचं अक्षर. पण डाव्या बाहीवर हे काय? नुसतं डोळ्यांत खुपतं."

"फोटोत आहे," स्नेहल म्हणाली.

फोटो दोघांच्या मध्ये टेबलावरच होता. वॉटफर्डच्या मिल मेडो बेसबॉल क्लबचा, १९३७ सालचा. नऊ खेळाडू, डोक्यावर टोप्या नाहीत, ढगळ शर्ट आणि प्रत्येकाच्या डाव्या बाहीवर दोन बोटं रुंदीचा काळा पट्टा. क्लबला यंदा सत्तर वर्षं होत होती, म्हणून जूनमधला एक सामना त्याच जुन्या धाटणीच्या युनिफॉर्ममध्ये खेळायचं कमिटीनं ठरवलं होतं. इंग्लंडात बेसबॉल खेळणारे मुळातच मूठभर. त्यांचे कपडे अमरावतीची एक मुलगी बेतणार, याची कमिटीला भारी गंमत वाटली होती. तिचं नाव उल्हासनंच सुचवलं होतं. तो मूळचा ठाण्याचा. आठवडाभर बँकेत मान मोडून काम करायचा आणि वीकएंडला क्लबचा सेक्रेटरी म्हणून मिरवायचा.

खरं तर यात गमतीचं काही नव्हतं. स्नेहलचे वडील दादासाहेब अमरावतीच्या शाळेत खेळाचे मास्तर. मुलींना बेसबॉल शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. टीमचे शर्ट ते स्वतः कागदावर काढायचे आणि शिंप्याच्या उरावर बसून शिवून घ्यायचे. शेजारी बसून पेन्सिली टोकवता टोकवता स्नेहल डिझायनर झाली.

जानेवारीत हे काम आलं आणि दर रविवारी फोनवर बापलेकीचा तोच विषय सुरू झाला.

"बाही सैल ठेव गं," दादासाहेब बजावायचे. "बॅट फिरवताना काखेत अडकली तर त्या डिझाइनला काय चाटायचंय? आणि मला फोटो पाठव. भिंतीवर लावतो."

एप्रिलमध्ये तिला घरी जायचं होतं. पण व्हिसा वाढवायला दिलेला पासपोर्ट अडकून पडला होता. तिनं फोन केले, अर्ज लिहिले, एकदा तर काउंटरवर लाज सोडून रडली. नियमापुढे कुणाचं काय चालतं? ती वॉटफर्डलाच राहिली.

रविवारचा फोन ती अजूनही करायची. हल्ली तो धाकटा भाऊ अतुल उचलायचा.

"पासपोर्ट आला का गं ताई?"

"नाही रे अजून."

"मग आता घाई नको करूस. दिवाळीला ये आरामात."

"मॅच झाली की युनिफॉर्मचा फोटो पाठवते. भिंतीवर लाव."

"लावतो," अतुल म्हणाला. 

तर आता हा पट्टा. उल्हास काही हटेना.

"अगं, कमिटी म्हणतेय फोटोतला डाग असेल, नाहीतर सावली. प्रूफ काय?"

"नऊ जणांच्या बाहीवर एकाच जागी सावली?"

"आर्ग्यू नको करूस. त्या काळचं कुणी असेल तर विचारून ये. आणि काय गं, बाबांना सांगितलंस का हे डिझाइन?"

"सगळं त्यांनीच तर सांगितलंय," स्नेहल म्हणाली आणि कागद आवरायला लागली.

त्या काळचं एकच माणूस उरलं होतं. डोरीन. टीमचे शर्ट तिच्या आईनं शिवले होते. आता ती चौऱ्याऐंशी वर्षांची, गावातल्याच एका केअर होममध्ये होती. स्नेहल एकटीच गेली.

पाइपिंग मरूनच होतं, डोरीनला पक्कं आठवत होतं. "शिजवलेल्या बीटसारखं," ती म्हणाली. मग स्नेहलनं पट्ट्यावर बोट ठेवलं.

डोरीननं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पट्ट्याबद्दल जे होतं ते सांगितलं. ते ऐकून स्नेहललाही काही सांगावंसं वाटलं, तेही तिनं सांगितलं. या देशात आल्यापासून ती कुणाजवळ इतकं मोकळं बोलली नव्हती. चहा गार होऊन गेला.

"मग राहू दे पट्टा," शेवटी म्हातारी म्हणाली. "कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

स्नेहलनं नाव सांगितलं आणि कमिटीची तोंडं बंद झाली. पट्टे तिनं शिंप्याला दिले नाहीत. नऊच्या नऊ स्वतःच्या हातानं शिवले.

सामन्याच्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं होतं. डोरीनला व्हीलचेअरवरून आणलं होतं. खेळाडू ओळीनं उभे राहिले आणि जुन्या फोटोत होतं तसं दिसावं म्हणून उल्हासनं सगळ्यांना टोप्या काढायला लावल्या. मैदान क्षणभर अगदी शांत झालं. स्नेहलनं कॅमेरा डोळ्याला लावला. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं, तरी तिनं बटण दाबलं.

"जमलंय का सगळं?" उल्हासनं डोरीनला वाकून विचारलं.

"अगदी तंतोतंत," डोरीन म्हणाली.

"मानलं गं बाई तुला," उल्हास स्नेहलला म्हणाला. "त्या पट्ट्यानंच खरी शोभा आली." आणि खुशीत टाळ्या वाजवत तो खेळाडूंकडे गेला.

तो लांब गेल्यावर डोरीननं स्नेहलचा हात हातात घेतला.

"आमच्या मुलांनी तो पट्टा एकच दिवस बांधला होता. माझा भाऊ नदीत बुडाला, त्यानंतरच्या शनिवारी. युनिफॉर्मचा तो कधी नव्हताच." ती त्या नऊ पोरांकडे पाहत राहिली. "आणि या बिचाऱ्यांना ठाऊक तरी आहे का, की आज त्यांच्या दंडावर तुझ्या वडिलांसाठी काळी फीत आहे?"