पाचवा प्रकार

कॉलेजच्या फिल्मसाठी गाणं काही ठरत नव्हतं. ओवी, भलरी, गौळण, हळदीची गाणी असे चार प्रकार सुनीतीच्या वहीत उतरले होते. पण तिला हवं होतं ते मयताच्या घरी बायका सुरात रडतात ते. दासगावच्या काशीबाईंकडे तिने विषय काढला मात्र, त्यांची जाऊ कडाडली, "कुनी मेल्याबिगर रडतात काय? कपाळाला कुंकू हाय तिच्या, दिसत नाय?"

ओशाळून सुनीती टेप बंद करायला गेली. काशीबाईंनी तिचा हात धरला आणि डोळे मिटून असा काही हेल काढला, की शेजारणी हातातली कामं टाकून धावत आल्या. "कोन गेलं गो?"

"कोन नाय! शिनेमाचं गाणं हाय!" म्हणत जाऊ त्यांना परतवायला अंगणात पळाली.

तेवढ्यात काशीबाई सुनीतीच्या कानाशी लागल्या. "घरधनी सावित्रीच्या पुरात गेले, सात वर्सं झाली. मयत गावलं नाय, म्हनून मला कुनी रडू दिलं नाय. आवाज नीट भरला नाय असं सांग गो त्यांना... परत एकदा गाते."